हद्दपार

घर कुठं आहे म्हणून विचारलं, तर लोक गाव सांगतात, रस्ता सांगतात, फार तर जवळचं इंडियन ग्रोसरीचं दुकान सांगतात. हद्दपार टॅक्स रेट एरिया सांगतात.

कॅलिफोर्नियात घर असलेल्या प्रत्येकाला दर साल प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं. त्यावर एका कोपऱ्यात एक क्रमांक छापलेला असतो. आपला कर शहराच्या वाट्याला जातो की नाही, पाण्याच्या कुठल्या डिस्ट्रिक्टला जातो आणि शाळांच्या कुठल्या डिस्ट्रिक्टला, हे त्या क्रमांकावरून कळतं. बाकीची जनता खालची रक्कम बघते आणि कपाळाला हात लावते. हद्दपार रक्कम बघतच नाहीत. चष्मा वर सारून, बिल नाकाशी धरून ते तो क्रमांक बघतात. यंदा तरी बदलला का म्हणून. बदललेला नसतो. मग ते बिल फायलीला लावतात आणि वहिनी पैसे भरतात.

खरं आडनाव अर्थातच वेगळं. हे नाव पडलं मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका बाईंनी सहज विचारलं, "काका, तुमची मुलगी कुठल्या शाळेत?" काकांनी कागदी ताट पुढं केलं. श्रीखंड म्हणजे पलीकडचा डिस्ट्रिक्ट. मटकीची उसळ म्हणजे अलीकडचा. मधोमध आडवी पुरी, तो आमचा रस्ता. "आणि हे आम्ही," असं म्हणून त्यांनी एक मटकीचा दाणा उचलून पुरीच्या अगदी कडेला, उसळीच्या बाजूला ठेवला. "आता सांगा, श्रीखंड किती लांब आहे?" मागं रांग खोळंबली होती. त्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे तुम्ही हद्दपार! आता पुढं सरका." सगळे हसले. काका सर्वांत जास्त हसले. तेव्हापासून ते स्वतःच फोनवर "हद्दपार बोलतोय" म्हणतात.

इकडे शाळा ना महापालिकेच्या, ना जिल्हा परिषदेच्या. शाळांचा डिस्ट्रिक्ट हे एक वेगळंच छोटं सरकार असतं. त्याचं निवडून दिलेलं बोर्ड, त्याचे कर, त्याचे कर्जरोखे आणि त्याची हद्द. ही हद्द शहराच्या हद्दीशी जुळायलाच हवी असं काही नाही, आणि पुष्कळदा जुळत नाहीच. एकट्या सांता क्लारा काउंटीत असे ३१ डिस्ट्रिक्ट आहेत. क्युपर्टिनोच्या प्राथमिक शाळांचा डिस्ट्रिक्ट सॅन होजे, सनीवेल, लॉस अल्टोस अशा शेजारच्या गावांतही पाय पसरून बसलाय. तिथल्या हायस्कुलांच्या डिस्ट्रिक्टचं नाव फ्रीमाँट युनियन. त्याचा फ्रीमाँट शहराशी काडीचा संबंध नाही. ते शहर उपसागराच्या पूर्वेला दुसऱ्याच काउंटीत आहे, आणि या डिस्ट्रिक्टचं फ्रीमाँट हायस्कूल आहे सनीवेलमध्ये. कुणी नवखं जोडपं या नावाला फसून भलत्या गावात घरं बघायला निघालं, तर हद्दपार त्यांच्या गाडीच्या काचेवर टकटक करून त्यांना खाली उतरवतात. शेकडो मराठी संसार त्यांनी अशा प्रकारे योग्य हद्दीत वसवले आहेत. स्वतःचा तेवढा राहिला.

त्यांच्या रस्त्याच्या मधोमध ही रेघ जाते. सम आकड्यांची घरं एका डिस्ट्रिक्टात, विषम आकड्यांची दुसऱ्यात. दोन्हीकडची घरं एकाच बिल्डरनं एकाच वर्षी बांधली, खोल्या तेवढ्याच, परसातली लिंबाची झाडंसुद्धा एकाच वयाची. किमतीत मात्र एवढं अंतर की त्या फरकाच्या पैशात निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखूच्या वखारींची अख्खी ओळ विकत मिळावी. निपाणीचं नाव मी उगाच घेतलं नाही. पण त्याआधी स्टीव्ह जॉब्झ.

हद्दीवर माणसाचं नशीब कसं फिरतं, याला हद्दपारांकडं एकच दाखला असतो आणि तो खरा आहे. वॉल्टर आयझॅकसननं लिहिलेल्या चरित्रात आहे. लहानगा जॉब्झ माउंटन व्ह्यूच्या शाळेत दांडग्या पोरांच्या त्रासानं इतका कंटाळला की, परत इथं जाणार नाही म्हणून अडून बसला. आईबापांनी होतं नव्हतं ते गोळा केलं आणि २१ हजार डॉलरला लॉस अल्टोसमध्ये घर घेतलं. का, तर ते घर क्युपर्टिनोच्या डिस्ट्रिक्टच्या रेघेच्या आत बसत होतं. पुढं त्याच घराच्या गॅरेजचं काय झालं, ते जगाला माहीत आहे. "रेघ चार घरं इकडं असती तर?" हद्दपार विचारतात आणि हातातला आयफोन साऱ्या मंडळींना दिसेल असा वर धरतात. "तर ह्यो नसता. काय समजलासा?"

यातली अडचण एवढीच की जॉब्झच्या आईबापांनी घर बदललं होतं. हद्दपारांना तो मार्ग कुणी बंद केला नव्हता. समोरचं, पलीकडच्या डिस्ट्रिक्टातलं घर आमच्या डोळ्यांदेखत विक्रीला निघालं होतं. वहिनी एका नावाजलेल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी हिशेब मांडला, बँकेत बोलून ठेवलं आणि जेवताना विषय काढला. हद्दपारांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "आमचं वडील कोल्हापूरला गेले असते तर तासाभरात महाराष्ट्रात होते की. गेले न्हाईत. आपण का म्हणून हलायचं? रेघेनं हलावं."

तर निपाणी, हद्दपारांचं गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि सीमाभागातल्या इतर मराठी गावांबरोबर निपाणी म्हैसूर राज्यात गेली. पुढं महाजन आयोग बसला. त्यानं १९६७ साली अहवाल दिला, त्यात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं. पण बेळगाव दिलं नाही म्हणून महाराष्ट्रानं अहवालच फेटाळला, आणि हातातोंडाशी आलेली निपाणी जिथल्या तिथं राहिली. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा घरात जन्मलेल्या मुलाला नकाशा हे भूगोलाचं चित्र वाटत नाही, ते त्याला पंचनाम्याचं कागदपत्र वाटतं. पलीकडं चांगलं काही आहे आणि ते कायद्यानं आपलं आहे, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. १ नोव्हेंबरला सीमाभागात काळा दिवस पाळतात म्हणून हद्दपार आजही त्या दिवशी काळा शर्ट घालून ऑफिसला जातात. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन झालेलं असतं. सहकाऱ्यांना वाटतं, साहेबांची तारीख चुकली.

असा माणूस कॅलिफोर्नियात आला, घर घेतलं, आणि मुलगी पहिलीत जायची वेळ आल्यावर त्याला कळलं की आपण रेघेच्या चुकीच्या बाजूला आहोत. दुसरा कुणी खचला असता. हद्दपारांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

लोक अशा वेळी काय काय करतात, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पलीकडच्या मित्राच्या नावावरचं विजेचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवतात. आत्याच्या घरी राहतो असं पोराकडून पाठ करून घेतात. मग डिस्ट्रिक्टचा माणूस सकाळी सहाला दार वाजवून मुलाचा पलंग कुठं आहे ते बघायला येतो. हद्दपारांना या गोष्टीचा मनस्वी तिटकारा. चोरून पलीकडं जाणं म्हणजे रेघ मान्य करणं. त्यांनी कॅलिफोर्नियाची शिक्षणसंहिता उघडली आणि त्यांना हवं ते सापडलं. एका डिस्ट्रिक्टमधला भूभाग दुसऱ्यात घालायचा रीतसर कायदा! त्या भागातल्या नोंदलेल्या मतदारांपैकी निदान २५ टक्क्यांनी सही केलेला अर्ज काउंटीच्या शिक्षण अधीक्षकांकडं द्यायचा. मग काउंटीची समिती दोन्ही डिस्ट्रिक्टांत जाहीर सुनावणी घेते. "दोन्हीकडं सुनावणी! आमाला साठ वर्षांत एक मिळंना," असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला होता.

पहिली माशी शिंकली ती 'नोंदलेल्या मतदारां'वर. आमच्या त्या पट्ट्यात घरं साठ-सत्तर. त्यांत तेलुगू, मराठी, तमिळ, चिनी, व्हिएतनामी. कुणी एच-वनवर, कुणी ग्रीन कार्डच्या रांगेत, कुणी ग्रीन कार्ड मिळूनही 'बघू, आईबाबा आहेत तोवर भारताचा पासपोर्ट राहू दे' असं म्हणणारं. घरं यांची, कर यांचे, मुलं यांची, पण अर्जावर सही सोडा, अंगठा उठवायचाही अधिकार नाही. आणि खुद्द हद्दपारही त्यांतलेच. अर्जाला मुख्य अर्जदार फार तर तीनच असतात. त्यांत आपलं नाव नसणं त्यांना सहन होणार नव्हतं. लोक मताच्या हक्कासाठी नागरिक होतात, नोकरीसाठी होतात, विमानतळावरची रांग टळावी म्हणून होतात. शाळेची रेघ एका रस्त्यानं सरकवण्यासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतलेला माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. समारंभातून बाहेर आल्या आल्या, हातातला छोटा झेंडा खिशात खोचून, मतदार नोंदणीचा फॉर्म त्यांनी वहिनींच्या पाठीवर ठेवून भरला.

मुख्य अर्जदारांत दुसऱ्या वहिनी. त्यांना विचारलं नव्हतं. तिसरे कोपऱ्यावरच्या घरातले एक वृद्ध गोरे गृहस्थ. सगळी वस्ती जर्दाळूच्या बागांची होती तेव्हापासून राहणारे, मुलं केव्हाच मोठी होऊन टेक्सासला गेलेली. त्यांना शाळेशी काही देणंघेणं नव्हतं, पण हद्दपारांनी नेलेली खोबऱ्याची वडी त्यांना आवडली.

आता अर्जापुढच्या अटी. संहितेच्या ३५७५३ क्रमांकाच्या कलमात त्या नऊ आहेत. नऊ म्हटल्यावर वहिनींनी त्यांना नवग्रह म्हणायला सुरुवात केली आणि आमच्याकडं तेच रूढ झालं. पहिला ग्रह सौम्य: बदलानंतर दोन्ही डिस्ट्रिक्टांत पुरेशी मुलं उरली पाहिजेत. पुरेशी म्हणजे किती, तर प्राथमिकच्या डिस्ट्रिक्टला ९०१, हायस्कुलांच्या डिस्ट्रिक्टला ३०१ आणि दोन्ही एकत्र असतील तर १,५०१. हा वरचा एक कुणासाठी, याच्यावर हद्दपारांनी मंडळाच्या कोजागरीत एक संध्याकाळ काढली. दूध आटून गेलं. त्यांचं म्हणणं, लग्नाच्या आहेराची पद्धत तिकडंही असली पाहिजे.

मालमत्तेची न्याय्य वाटणी, शिक्षणात व्यत्यय नको, इमारतींचा खर्च वाढायला नको. हे ग्रह आम्ही भराभर ओलांडले. आमच्या पट्ट्यात शाळेची इमारतच नव्हती, वाटणार काय? खरी मजा दुसऱ्या ग्रहात. दोन्ही डिस्ट्रिक्टांना ठळक 'सामाजिक ओळख' असली पाहिजे, आणि ती ठरवायची मोजमापं नियमात दिली आहेत: भूरचना, वस्तीचं तुटकपण, शाळांमधलं अंतर, सामाजिक केंद्रांमधलं अंतर, लोकांचे परस्परसंबंध आणि हवामान. हवामान! डोंगराळ काउंट्यांत हिवाळ्यात घाट बंद होतात, तिथं त्याला अर्थ आहे. आमच्या इथं रस्त्याच्या अलीकडं ऊन असेल तर पलीकडंही ऊनच असतं. पण कलमात आहे म्हणजे पुरावा दिला पाहिजे. हद्दपारांनी परसात एक तापमापी लावली आणि समोरच्या घरात दुसरी लावायची परवानगी मागितली. ते लोक तेव्हापासून पडदे ओढून घेतात.

सामाजिक केंद्राचाही प्रश्न होता. अमेरिकन माणसाचं सामाजिक केंद्र म्हणजे वाचनालय, चर्च, लिटल लीगचं मैदान. आमच्या साठ-सत्तर घरांचं कुठलं? हद्दपारांनी प्रश्नावली काढली. पहिलाच प्रश्न: आपण कढीपत्ता कुठून घेता? त्यांना आशा होती की सगळे पलीकडच्या दुकानाचं नाव लिहितील आणि सामाजिक ओळख सिद्ध होईल. उत्तरं आली ती अशी: जिथं स्वस्त मिळेल तिथून, आमच्या परसात आहे, तुमच्याच परसातून नेतो, वहिनींना विचारून.

आता आठवा. नवग्रहांच्या ओळीत आठवा राहू येतो, हा योगायोग वहिनींच्या आधी कायदा करणाऱ्यांना सुचला नसावा. आठवी अट म्हणते, या बदलाचा मुख्य हेतू घरांच्या किमती भरमसाट वाढवणं हा नसावा. आता हे साऱ्या बे एरियाला सांगा! इथं घराच्या जाहिरातीत खोल्यांच्या आधी शाळांचे गुण छापतात. रस्त्यापलीकडच्या घरापुढं एजंट फक्त डिस्ट्रिक्टचं नाव लिहिलेली पाटी लावतो आणि रविवारी गाड्यांची रांग लागते. आणि अर्जदारांनी समितीपुढं उभं राहून म्हणायचं, किंमत? अय्या, वाढेल का? आमच्या डोक्यातही आलं नाही!

हद्दपारांच्या बाबतीत हे खरं होतं, हीच त्यांची शोकांतिका. किमतीत त्यांना खरोखर रस नव्हता. त्यांना रेघ हवी होती. पण बाकीच्या सह्या करणाऱ्यांचं काय? म्हणून त्यांनी घरी तालीम घेतली. सोफ्यावर समिती म्हणून मी, वहिनी आणि क्लाससाठी आलेला एक तबलजी. समोर एकेक अर्जदार उभा. घरांच्या किमती सांगणाऱ्या 'झिलो' या संकेतस्थळाचं नाव उच्चारायला बंदी. 'गुंतवणूक' म्हटलं की पोह्यांची बशी परत घ्यायची. "मुलं चालत शाळेत जातील, एवढंच बोला," ते बजावत. एका तेलुगू गृहस्थांनी विचारलं, "पण सर, मला मुलं नाहीत." हद्दपार म्हणाले, "मग चालण्यावर भर द्या."

पैशाच्या ग्रहानं मात्र तालमीला दाद दिली नाही. तो पाचवा, आणि तो समजायला मलाही वेळ लागला. २०१३ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टांना हजेरीवर पैसे मिळतात. इंग्रजी न येणारी, गरीब घरची मुलं असतील तर वर जास्त. स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स कमी पडला तर उरलेलं राज्य भरतं. काही श्रीमंत डिस्ट्रिक्टांत मात्र घरं इतकी महाग की कराचे पैसे या सूत्रापेक्षा जास्तच जमतात. त्यांना राज्याच्या मदतीची गरज नसते, वरचे पैसेही त्यांचेच. पलीकडचा असा होता. म्हणजे आमची घरं पलीकडं गेली की आमचा कर त्या भरल्या घरात जाणार आणि अलीकडं पडलेला खड्डा सॅक्रामेंटो, म्हणजे राज्य सरकार, भरणार. राज्याचा खर्च वाढला; पाचवी अट बसली नाही. बरं, पलीकडच्यांना तरी आनंद? नव्या मुलांमागं त्यांना राज्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही, तेव्हा तेही नाक मुरडून बसलेले. एका बाजूला सोडायचं नव्हतं, दुसऱ्या बाजूला घ्यायचं नव्हतं. हद्दपारांना हे चित्र फार ओळखीचं वाटलं आणि त्यांचा उत्साह दुणावला.

आमच्या बाजूची सुनावणी अलीकडच्या शाळेच्या कॅफेटेरियात झाली. बसायला मुलांच्या उंचीची बाकं, भिंतीवर फळं खाण्याचे फायदे, समोर टेबलामागं समिती आणि बोलणाऱ्यापुढं एक छोटा दिवा: हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येकाला तीन मिनिटं. हद्दपारांनी सूट घातला होता. त्यांनी शाळांपासून सुरुवात केलीच नाही. त्यांनी पाटसकरांपासून केली. आंध्र आणि मद्रासचा सीमावाद हरिभाऊ पाटसकरांनी कसा मिटवला, गाव हा घटक धरायचा, सलगता बघायची, बहुसंख्यांची भाषा बघायची, हीच तत्त्वं न्यायाची. सबब आमचा पट्टा हे एक गाव धरावं. दिवा पिवळा झाला. अध्यक्षबाईंनी अदबीनं विचारलं, "हे मिस्टर पाटसकर आज इथं आले आहेत का?" पाटसकर मध्य प्रदेशचं राज्यपालपद भूषवून केव्हाच निवर्तलेले. हद्दपारांनी क्षणभर मान खाली घातली. तेवढ्यात दिवा लाल झाला.

मग त्या शाळेतल्या एक शिक्षिका बोलल्या. आईवडील मेक्सिकोहून आलेले, स्वतः याच शाळेत शिकलेल्या. चौथ्या अटीवर बोलल्या. ती अट म्हणते की मुलं सर्व वंशांच्या मुलांबरोबर शिकू शकतील ही स्थिती बदलानं बिघडता कामा नये. अमेरिकेत या एका वाक्यामागं फार मोठा इतिहास आहे. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मग १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की उपनगरांच्या डिस्ट्रिक्टांना, त्यांची चूक सिद्ध झाल्याशिवाय, शहराच्या एकत्रीकरणात ओढता येणार नाही. तिथून पुढं वेगळं व्हायला कायद्यात भेदभाव लिहायची गरज उरली नाही; डिस्ट्रिक्टची रेघ पुरली. बाई हे काही बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, की ही सत्तर घरं गेली तर माझ्या वर्गातल्या उरलेल्या मुलांनी कुणाबरोबर शिकायचं, ते मला सांगा. आणि हद्दपारांच्या मुलीचं नाव घेऊन त्या म्हणाल्या, ही मुलगी शाळा सुटल्यावर वाचनालयात बसून लहान मुलांना बीजगणित शिकवते. माझा मुलगा तिच्यामुळं पास झाला. ती आमची आहे, तिला पलीकडं नेऊ नका.

त्यावर सगळ्या कॅफेटेरियात एकच टाळी मोठ्यानं वाजली. हद्दपारांची. मुलीचं कौतुक ऐकून ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. वहिनींनी कोट ओढून खाली बसवलं.

इतकं होऊनही काही आशा होती. मग तिसरे मुख्य अर्जदार उठले, कोपऱ्यावरचे आजोबा. काठी टेकत माइकपर्यंत गेले. तालमीला त्यांना बोलावलं होतं, पण त्यांनी त्या दिवशी फक्त पोहे खाल्ले होते. ते म्हणाले, "मी इथं पन्नास वर्षं राहतो. माझा शेजारी सभ्य आहे. त्यानं समजावल्यावर मी चौकशी केली, तर माझ्या घराची किंमत एवढी वाढेल की नातवंडांचं कॉलेज निघेल. म्हणून मी सही केली. थँक यू." दिवा अजून हिरवाच होता. समितीच्या चिटणिसानं खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं. इतक्या वेळात त्यानं पहिल्यांदा पेन उचललं होतं.

निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणे: चौथी, पाचवी आणि आठवी अट बसत नाही, अर्ज नामंजूर. सांत्वन करायला म्हणून आम्ही घरी गेलो, तर हद्दपार प्रसन्न. "सहा ग्रह आपल्या बाजूनं! महाजनांनी आमाला एवढं सुद्धा दिलं नव्हतं." मी म्हटलं, अहो, महाजनांनी निपाणी दिली होती. "दिली होती, पण घेतली न्हाई की आपण," असं म्हणून त्यांनी विषय राज्याच्या शिक्षण मंडळाकडं करायच्या अपिलावर नेला. मॅलिबूचे लोक सँटा मोनिकापासून डिस्ट्रिक्ट वेगळा करून मागतायत, ते वर्षानुवर्षं खेटे घालतायत. त्यांच्या प्रकरणाचे कागद हद्दपार आपल्या नातेवाइकांची खुशाली काढावी तसे वाचतात.

दरम्यान मुलगी बारावी झाली. अलीकडच्याच हायस्कूलमधून. कॅलिफोर्निया विद्यापीठाची एक योजना आहे: प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या नऊ टक्के मुलांना, बाकीच्या अटी पुऱ्या केल्या तर, विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या शाखेत जागेची हमी. पलीकडच्या हायस्कुलात त्या नऊ टक्क्यांत शिरायला पोरं रात्रीचा दिवस करतात. इकडं ही पोरगी बीजगणित शिकवत शिकवत सहज बसली. वहिनींनी हे पेढ्यांबरोबर सगळ्यांना आवर्जून सांगितलं. हद्दपारांनी पेढा घेतला, म्हणाले, "शाळेचा प्रश्नच वेगळा. मी हद्दीबद्दल बोलतोय."

आता बे एरियातली घरं इतकी महाग झालीत की लहान मुलं असलेली जोडपी तिथं येऊच शकत नाहीत. मुलं कमी, हजेरी कमी. क्युपर्टिनोच्या डिस्ट्रिक्टनंसुद्धा २०२१ साली काही प्राथमिक शाळा बंद करायचा ठराव केला. ही लाट आमच्या पलीकडच्या डिस्ट्रिक्टापर्यंत आली आणि रस्त्यापलीकडची, श्रीखंडाच्या बाजूची, चालत जाण्याजोगी शाळा बंद करायच्या यादीत लागली. तिथली मुलं आता लांबच्या शाळेत गाडीनं न्यावी लागणार. आमची अलीकडची शाळा त्यांच्या दारापासून दोन चौकांवर.

एका शनिवारी समोरची चार जोडपी हद्दपारांकडं आली. पडदे ओढून घेणारी मंडळीही त्यांत होती. संकोचून बसली. एकानं विचारलं, "तुम्हाला यातलं सगळं माहीत आहे म्हणतात. आमची बाजू तुमच्या डिस्ट्रिक्टात घालून घेता येईल का?"

हद्दपार उठले, आतून फाईल घेऊन आले, चष्मा वर सारला. "मतदार किती?" त्यांनी विचारलं. बरेच होते. "छान. चौथी अट तुमच्या बाजूनं. पाचवीला तर सॅक्रामेंटो पैसे वाचवल्याबद्दल तुमचे आभार मानंल. आणि आठवी..." इथं त्यांचा आवाज चढला, इतक्या वर्षांत असा अर्जदार त्यांना मिळाला नव्हता. "आठवीची चिंताच नको! तुमच्या घरांच्या किमती वाढणार न्हाईतच. पार खाली येणार. तीनेक लाख तर धरूनच चाला. असा स्वच्छ हेतू कुठली समिती नाकारंल?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा पाहुणे दारात बूट घालत होते, आणि हद्दपार अर्जाचे कागद घेऊन त्यांच्या मागं मागं फाटकापर्यंत जात होते, "तीन मुख्य अर्जदार कोण ते तेवढं आजच ठरवा," असं म्हणत.